बापाच्या नावाचा रकाना

कर्नाटक विधिमंडळाने २०२५ मध्ये देवदासी प्रथेविरोधात नवे विधेयक संमत केले. १९८२ च्या जुन्या कायद्याचा भर मुलींना देवाला वाहण्याच्या विधीवर बंदी घालण्यावर होता. नव्या विधेयकाने त्यापुढे जाऊन देवदासींच्या मुलांचा विचार केला आहे. अशा मुलाला वा मुलीला आपल्या जन्मदात्याची ओळख कायद्याने निश्चित करून मागता येईल. आणि ज्याला ती नको असेल, त्याच्यावर सरकारी अर्जात पित्याचे नाव लिहिण्याची सक्ती होणार नाही. गोव्यात या विधेयकाची चर्चा फारशी झाली नाही. चोर्ला घाटापलीकडचा प्रश्न, असे मानून आपण पुढे गेलो. परंतु बेळगाव, गोकाक, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातील असंख्य घरांच्या दृष्टीने ही तरतूद लहान नाही.

शाळेच्या प्रवेश अर्जातील बापाच्या नावाचा रकाना भरणे ही बहुतेकांच्या लेखी क्षणभराची बाब असते. देवदासीच्या मुलाला मात्र तो रकाना दरवर्षी आडवा येतो. शाळेत, शिष्यवृत्तीच्या अर्जात, रेशनकार्डावर, नोकरीच्या कागदपत्रांत आणि पुढे सोयरिकीच्या बोलण्यात. आईने तिथे काही लिहिले नाही तर गावाला ठाऊक असलेली गोष्ट कागदावर येते. खरे लिहावे, तर ते नावही गावाला ठाऊक असते. पण ते उच्चारण्याची मुभा तिला नसते. म्हणून कोणी देवीचे नाव लिहिते, कोणी भावाचे, तर कोणी मास्तर सांगतील ते.

स्त्रीविषयक नीतिमूल्यांची चर्चा आपल्याकडे निघाली की ती बहुधा पूर्व आणि पश्चिम अशी दुभंगते. एक बाजू सांगते, आपल्या संस्कृतीत स्त्री देवीसमान आहे आणि पाश्चात्यांनी तिला उपभोगाची वस्तू केले. दुसरी बाजू सांगते, पाश्चात्य स्त्री स्वतंत्र झाली आणि आपली अजून दासी आहे. ‘देवदासी’ या एकाच शब्दात देव आणि दासी दोन्ही आहेत, त्यामुळे या दोन्ही बाजूंची अडचण होते. म्हणूनच या दोन समाजांना तोलण्यासाठी देवदासीच्या मुलाच्या अर्जातील तो कोरा रकाना अधिक उपयोगी माप ठरेल, असे वाटते. स्त्री-पुरुषांच्या संबंधांतून जी जबाबदारी, जो खर्च आणि जी लाज निर्माण होते, ती समाज कोणाच्या नावावर लिहितो? एवढे एक पाहिले तरी त्या समाजाची नीती पुष्कळशी कळते. वेशभूषा, विवाहाचे वय, घटस्फोटांचे प्रमाण या सर्व गोष्टी त्यानंतरच्या होत.

प्रथम आपल्या शेजारचे पाहू. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर बेळगाव जिल्ह्यात आहे, पण भाषिक सीमावाद त्याच्या पायथ्याशीच थांबतो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडचे मराठी भाविक आणि धारवाड, विजापूरकडचे कन्नड भाविक एकाच रांगेत उभे राहून देवीचा उदो करतात. या श्रद्धेचा सन्मान राखूनच पुढचे सांगितले पाहिजे. मुलीच्या केसांत जट आली, घरात आजारपण हटेना, मुलगा होईना, तर मुलीला देवीला ‘सोडण्याचा’ नवस बोलला जाई. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचे दर्शन बांधले की तिचे मानवी लग्न कायमचे मिटले. ती देवीची म्हणून जोगवा मागायची, परडी घेऊन दारोदार फिरायची. मार्गशीर्ष पौर्णिमेला, ज्या दिवशी यल्लम्माला वैधव्य आले असे मानतात, जोगतिणींच्या बांगड्या फोडल्या जायच्या. एकदाही विवाह न झालेल्या स्त्रियांनी दरवर्षी वैधव्य अनुभवायचे, अशी ही रीत होती.

या मुली कोणाच्या होत्या, हे पाहिल्यावर धर्माच्या पडद्यामागची व्यवस्था दिसू लागते. सीमाभागात देवाला सोडल्या गेलेल्या मुली बहुतांश दलित, भूमिहीन घरांतील होत्या. वयात आल्यावर त्यांना ‘ठेवणारा’ पुरुष बहुधा जमीन आणि पत असलेला असे. मुले झाली, तर ती तिची. त्याच्या घराला, वारशाला आणि प्रतिष्ठेला धक्का लागत नसे. त्याचे मन भरले की ती स्त्री पोटासाठी मुंबईच्या कामाठीपुऱ्यापर्यंत जाई. कर्नाटकात १९९३-९४ आणि २००७-०८ या दोन सरकारी सर्वेक्षणांतून मिळून ४६,६६० देवदासींची नोंद झाली. त्यांना ठेवणाऱ्या पुरुषांची नोंद व्हावी असे एकाही सर्वेक्षणाला वाटले नाही. मोजणीसाठी फक्त स्त्रियाच सापडल्या.

कायदे नव्हते असे नाही. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात असताना १९३४ चा मुंबई देवदासी संरक्षण कायदा तिथे लागू होता. त्यानंतर जवळपास अर्ध्या शतकाने १९८२ चा कर्नाटकाचा कायदा आला. अनौरस अपत्याच्या पोटगीची जबाबदारी पित्यावर टाकणारी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत होतीच. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अनौरस संततीचे नाते मातेशी आणि परस्परांशीच मानले. ज्याची जमीन, त्याच्याशी नाते नाही. जिची जमीनच नाही, तिच्याशी मात्र पक्के नाते. गावाने जे अलिखितपणे ठरवले होते, त्याला कायद्यानेही फारसा धक्का लावला नाही.

आता पश्चिमेकडे वळू. १८०४ च्या नेपोलियनच्या नागरी संहितेने फ्रान्समध्ये पितृत्वाचा शोध घेण्यासच मनाई केली. अविवाहित मातेने न्यायालयात जाऊन अमुक माणूस माझ्या मुलाचा बाप आहे, असे सिद्ध करू पाहणे कायद्याने निषिद्ध होते. ज्या राज्यक्रांतीने समतेची घोषणा जगाला दिली, तिच्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी हे कलम लिहिले गेले आणि १९१२ पर्यंत ते टिकले. इंग्लंडने १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्यात अनौरस मुलाच्या पालनाचा भार सोळा वर्षांपर्यंत आईवर टाकला. पुरुषाला पोटगीसाठी छळले जाऊ नये, हा त्यामागचा उघड युक्तिवाद होता. पुढे १८४४ मध्ये त्यात काही सुधारणा झाली, तरी मूळ वृत्ती सहजी गेली नाही.

हिंदुस्थानातील ब्रिटिश राजवटीचे वर्तनही याला साजेसेच होते. १८६४ च्या छावणी कायद्याने गोऱ्या सैनिकांसाठीच्या वेश्यांची नोंदणी आणि वैद्यकीय तपासणी सुरू केली. रोग पसरू नये म्हणून तपासायचे ते स्त्रीला, सैनिकाला नव्हे. १८८६ मध्ये लष्करी मुख्यालयातून निघालेल्या एका परिपत्रकात छावण्यांसाठी पुरेशा संख्येने आकर्षक स्त्रिया असाव्यात, अशी सूचना होती. ते उघडकीस आल्यावर इंग्लंडमध्येच गहजब झाला. देवदासींवरून हिंदू समाजाला नीतीचे धडे देणारी राजवट सरकारी खर्चाने हा कारभार करीत होती.

आयर्लंडचे उदाहरण तर सौंदत्तीच्या फार जवळचे आहे. तिथे जोगिणींच्या मठांकडून चालवल्या जाणाऱ्या ‘मॅग्डालेन’ धुलाईगृहांत लग्नाआधी माता झालेल्या, अनाथ, गरीब किंवा नुसत्या ‘बिघडतील’ अशी भीती वाटलेल्या मुलींना ठेवले जाई. घरचे लोक, पाद्री, पोलीस आणि सरकारी यंत्रणा त्यांना तिथे पोहोचवीत. नाव बदलले जाई, वेतन मिळत नसे आणि कपडे धुण्यात आयुष्य जाई. १९२२ ते १९९६ या काळात किमान दहा हजार स्त्रिया या दारांतून आत गेल्या. त्यांतील सुमारे पाव भाग सरकारी यंत्रणेमार्फत आला होता, असे २०१३ च्या शासकीय अहवालात नमूद आहे. १९९३ मध्ये डब्लिनमधील एका मठाने जमीन विकली, तेव्हा तिथल्या निनावी थडग्यांतून १५५ मृतदेह निघाले. शेवटचे धुलाईगृह १९९६ मध्ये बंद झाले, म्हणजे आपल्याकडे घराघरांत रंगीत दूरचित्रवाणी आल्यानंतर. इथे देवीचा कोप आणि तिथे पापाची भीती, शब्द निराळे असले तरी हिशेब एकच. मुलींना आत ढकलले गेले आणि त्यांना माता करणारे पुरुष रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसत राहिले.

तेव्हा स्त्रीविषयक दुटप्पी नीती ही पूर्वेची मक्तेदारी नाही, तशी ती पश्चिमेने आपल्यावर लादलेली विकृतीही नाही. या वादाचा नमुना आता शंभर वर्षांचा होत आला. कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेने १९२७ मध्ये ‘मदर इंडिया’ लिहून हिंदू समाजाची लक्तरे वेशीवर टांगली. गांधीजींनी त्या पुस्तकाला गटार तपासनिसाचा अहवाल म्हटले. लाला लजपतराय यांनी पुढच्याच वर्षी ‘अनहॅपी इंडिया’ हे उत्तर लिहून पाश्चात्य समाजाचे दोष मांडले. दोन्ही पुस्तकांत सत्य होते. मात्र या सवाल-जवाबात ज्या मुलीच्या गळ्यात दर्शन होते तिला कोणी काही विचारले नाही. तिचा उपयोग परपक्षावर फेकण्यापुरता झाला. आजही दिल्लीतील अत्याचारावरून लंडनचे वृत्तपत्र अग्रलेख लिहिते आणि युरोपातील घटस्फोटांच्या आकड्यांवरून आपले वक्ते टाळ्या घेतात, तेव्हा तोच प्रकार घडत असतो.

मग दोन्ही समाज सारखेच, असे म्हणून हा विषय मिटवायचा का? तसेही नाही. काही पाश्चात्य समाजांनी विसाव्या शतकात तो हिशेब बदलला, हे मान्य करण्याचा प्रामाणिकपणा आपण दाखवला पाहिजे. नॉर्वेने १९१५ मध्ये कायदे करून विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलांना पित्याचे नाव आणि वारसा दिला. योहान कास्टबर्ग यांनी ते कायदे घडवून आणले, तेव्हा विवाहसंस्था बुडेल असा आक्रोश तिथेही झाला होता. आयर्लंडने १९८७ मध्ये अनौरसतेचा कायदेशीर डाग पुसला आणि २०१३ मध्ये पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत धुलाईगृहांतील स्त्रियांची राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली. आज फ्रान्समध्ये निम्म्याहून अधिक मुले विवाहाबाहेर जन्मतात. तो आदर्श आपण घ्यावा, असे नव्हे. त्या समाजातील एकटेपणा, मोडलेली घरे आणि स्त्रीदेहाचा बाजार या गोष्टी डोळ्यांआड करता येत नाहीत. पण तिथे जन्मलेल्या मुलाला बाप कोण हे विचारता येते, बापाकडून खर्च मागता येतो आणि शाळेत त्याला मान खाली घालावी लागत नाही, एवढे खरे.

हा बदल तिथल्या ‘संस्कृतीत’ आधीपासून होता म्हणून घडला नाही. जोसेफिन बटलर यांनी सतरा वर्षे सभा घेतल्या, शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठे १८८६ मध्ये ब्रिटनमधील सक्तीच्या तपासणीचे कायदे रद्द झाले. धुलाईगृहांतून सुटलेल्या वृद्ध स्त्रिया स्वतःच्या नावानिशी बोलू लागल्या, तेव्हा आयर्लंड हलले. आणि ही प्रक्रिया तिथे पूर्ण झालेली नाही. गिझेल पेलिको यांच्यावर त्यांच्या पतीने गुंगीचे औषध देऊन जवळजवळ दहा वर्षे परपुरुषांकरवी अत्याचार घडवले. २०२४ मध्ये आविन्यों येथील खटल्यात त्यांनी ओळख झाकून घेण्याचा हक्क नाकारला. आता लाजेने बाजू बदलली पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सर्व ५१ आरोपी दोषी ठरले. ते कोणी गुन्हेगारी टोळीतले नव्हते. शेजारपाजारचे, नोकरीधंद्याचे, संसारी पुरुष होते.

आपल्याकडेही अशी परंपरा आहे आणि ती उसनी आणलेली नाही. जोतिबा आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विवाहाबाहेरच्या पितृत्वाचा शोध घेण्यास मनाई करणारे कलम फ्रान्समध्ये लागू होते. इतकेच करून ते थांबले नाहीत. एका विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले आणि यशवंतला स्वतःचे नाव दिले. बापाच्या नावाचा कोरा रकाना एका मराठी माणसाने आपल्या नावाने भरला, याहून मोठे उदाहरण पश्चिमेत शोधावे लागेल. राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानात जोगत्या-मुरळी प्रथेला आळा घालणारा कायदा केला.

गोव्याचा इतिहास तर आपल्या वाचकांना सांगायला नको. देवळांशी बांधल्या गेलेल्या स्त्रियांच्या शेंसविधीवर १९३० मध्ये पोर्तुगीज अमलात बंदी आली. पण केवळ त्या कायद्याने काही घडले नाही. राजाराम पैंगीणकरांसारखी माणसे समाजातूनच उभी राहिली. त्यांच्या आत्मचरित्राचे ‘मी कोण?’ हे शीर्षकच या लेखाच्या प्रश्नाला भिडणारे आहे. समाज संघटित झाला, मुलामुलींना शाळेत घातले गेले, आणि एका पिढीत त्या समाजाने गोव्याला पहिले मुख्यमंत्री दिले. भाऊसाहेब बांदोडकरांच्या कन्या शशिकलाताई पुढे त्याच पदावर बसल्या. प्रथा जवळपास तीच असताना गोव्यात हे घडले आणि सौंदत्तीच्या परिसरात घडले नाही, याचे कारण लोकांच्या श्रद्धेत शोधून सापडणार नाही. इथल्या समाजाजवळ कला होती, थोडेफार साधन होते आणि शिक्षणाची वाट होती. तिथल्या स्त्रीजवळ यांतले काहीच नव्हते. जातीची उतरंड तेवढी होती.

तरीही सीमाभाग स्वस्थ बसला नव्हता. सत्तरच्या दशकात गडहिंग्लजमध्ये आणि १९८० च्या सुमारास निपाणीत देवदासींच्या परिषदा झाल्या. निपाणीतील चळवळीचे वैशिष्ट्य असे की ती तंबाखूच्या वखारींतून आली. हे शहर विडीच्या तंबाखूवर वाढले. वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या हजारो बायका दिवसभर त्या खकाण्यात उभ्या असत. मजुरी तुटपुंजी आणि मुकादमाची नजर वाईट. प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने त्यांची संघटना उभी राहिली. दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ गटाने १९८२ मध्ये या बायकांबरोबर राहून ‘तंबाखू चाकिला ओब आली’ हा माहितीपट केला. त्यात कामगार स्त्रिया मालकाच्या मजुरीबरोबर वखारीतल्या लैंगिक छळाबद्दलही उघडपणे बोलतात. मजुरीसाठी एकत्र आलेल्या बायकांना लाजेचाही हिशेब मांडता आला, कारण भाकरीसाठी कोणाच्या मर्जीवर राहण्याची गरज थोडी कमी झाली होती. निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहिणारे महादेव मोरे आणि ‘चौंडकं’, ‘भंडारभोग’ लिहिणारे राजन गवस यांनी हे जग मराठी वाचकाच्या घरात आणले.

पुढचा टप्पा घटप्रभेला घडला. १९९७ मध्ये तिथे माजी देवदासींनीच चालवलेली ‘महिला अभिवृद्धी मत्तु संरक्षण संस्थे’ उभी राहिली. तिच्या प्रमुख कार्यकर्त्या सीतव्वा जोडट्टी या स्वतः बालपणी देवाला सोडल्या गेल्या होत्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यात्रेत जाऊन नवस फेडू पाहणाऱ्या आईबापांना अडवायचे, बचत गट उभारायचे, मुलांना शाळेत बसवायचे, हे काम या स्त्रियांनी केले. आज नव्या विधेयकात मुलांच्या ओळखीचा विचार आला, तो अशा संघटनांनी वर्षानुवर्षे धरलेल्या आग्रहाचे फळ आहे. त्याचे श्रेय लंडनलाही जात नाही आणि प्राचीन परंपरेलाही जात नाही.

इथवर आल्यावर समाधान मानण्याचा मोह होतो. पण ११ डिसेंबर २०२३ ची पहाट तसे करू देत नाही. बेळगावहून निपाणीकडे जाणाऱ्या महामार्गालगतच्या वंटमुरी परिसरात, होस वंटमुरी गावी, एक तरुण आणि एक तरुणी घर सोडून गेले. मुलीचे लग्न दुसरीकडे ठरले होते. तिच्या नातेवाइकांनी मध्यरात्रीनंतर मुलाचे घर गाठले, त्याच्या आईला बाहेर ओढले, विवस्त्र करून गावातून फिरवले आणि विजेच्या खांबाला बांधले. पोलीस येईपर्यंत गाव पाहत राहिला. मदतीला धावलेल्या एकाला मारहाण झाली. त्या मातेने काही केले नव्हते. कृती मुलाची, निर्णय दोघांचा; हिशेब मात्र लिहिला गेला तिच्या देहावर.

कर्नाटक उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने बघ्यांच्या मौनाबद्दल कठोर शब्द वापरले आणि गावाच्या सामूहिक जबाबदारीचा विचार व्हावा, असे सुचवले. न्या. वराळे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचा जन्म निपाणीचा. सीमाभागाने आपल्या अपराधासाठी आपल्याच सुपुत्राचे खडे बोल ऐकले, असे म्हणता येईल. हे बोल पाश्चात्य मूल्यांतून आले की भारतीय, हा प्रश्न त्या खांबाजवळ हास्यास्पद वाटतो.

नव्या विधेयकाचे खरे भवितव्य इथेच ठरणार आहे. कल्पना करा, चिकोडी वा गोकाक तालुक्यातील एखाद्या मुलीने कचेरीत अर्ज देऊन बापाचे नाव मागितले. तो बाप गावातला बडा शेतकरी आहे, त्याची मुले पंचायतीत आहेत. त्या रात्री दार कोणाचे ठोठावले जाईल? मुलीला कायदा माहीत असेल, पण तिची आई त्याच गल्लीत राहते, त्याच शेतात मजुरीला जाते. मुलाला हक्क देऊन आईला गावाच्या हवाली केले, तर कायद्याने लाजेची बाजू बदलली असे होणार नाही. जुन्याच खातेवहीत एक नवे पान जोडल्यासारखे होईल. म्हणून अर्जाची गोपनीयता, तक्रार करणाऱ्या कुटुंबाला संरक्षण, देवदासींचे वेळेवर मिळणारे निवृत्तिवेतन, नावावर घर आणि शक्य तिथे जमीन, ही या हक्काची अंगे मानली पाहिजेत. जिच्या पायाखाली स्वतःची जमीन आहे, तीच नाव उच्चारू शकते.

दुसरा भाग समाजाचा. पित्याचे नाव मागण्याचा हक्क जितका मोलाचा, तितकेच ते न लिहिण्याचे स्वातंत्र्यही मोलाचे आहे. अविवाहित मातेला पित्याचे नाव उघड न करता मुलाचे पालकत्व मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच स्पष्ट केले. महाराष्ट्राने मे २०२४ पासून सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव लिहिणे बंधनकारक केले. अशा निर्णयांनी एका रात्रीत मने बदलत नाहीत, पण रकान्याचा धाक कमी होतो. शाळेचे कारकून, ग्रामपंचायतीचे सेवक आणि शिक्षक यांनी तो कोरा रकाना पाहून भुवया उंचावल्या नाहीत, तर निम्मे काम तिथेच होईल.

गोव्याने हे सर्व दुरून पाहावे, असे नाही. भाजी आणि दुधासाठी आपण बेळगावकडे पाहतो, तशी माणसांचीही ये-जा आहे. २००४ मध्ये वास्कोतील बायणा येथील वस्ती पाडली गेली, तेव्हा तिथल्या अनेक स्त्रिया कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातून आलेल्या होत्या. त्यांना हटवताना गोव्याच्या प्रतिमेची चर्चा पुष्कळ झाली. त्यांच्याकडे वर्षानुवर्षे जाणाऱ्यांच्या प्रतिमेची चर्चा झाली नाही. ज्या भूमीत ‘मी कोण?’ हा प्रश्न विचारून एका समाजाने आपले आयुष्य पालटले, तिथे तरी तो प्रश्न घाटापलीकडच्या लेकरांकडून आला तेव्हा ऐकला जावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

पूर्व श्रेष्ठ की पश्चिम, हा वाद पुढेही चालू राहील. त्याची गोडी मोठी आहे. त्यात भाग घेणाऱ्या प्रत्येकाने बोलण्यापूर्वी आपल्या गावातील एक तरी हिशेब तपासावा. कोणाचे सुख, कोणाचा खर्च आणि कोणाची लाज, हे तीन रकाने भरून पाहावेत. तिसऱ्या रकान्यात पुन्हा पुन्हा बाईचेच नाव येत असेल, तर आपण कोणत्या संस्कृतीचे अभिमानी आहोत याला फारसे महत्त्व उरत नाही. सीमाभागातील काही स्त्रियांनी ती वही पुसून नव्याने लिहायला घेतली आहे. त्यांना पेन कोणत्या दिशेकडून मिळाले, यापेक्षा त्यांचा हात कोणी धरू नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.